‘तीन हजार लोकांवर संशोधन झालंय, मग या गोळ्या कशाला?’

वाचकाचं पत्र:

‘माझे वडील ६८ वर्षांचे, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, स्टेंट बसवला. तेव्हापासून हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांच्या पुढे गेलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून नऊ गोळ्या चालू आहेत. माझा भाऊ चीनमध्ये, शांघायजवळ सुचौला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना हाच आजार आहे आणि ते पारंपरिक चिनी औषधाच्या कॅप्सूल घेतात. भावाने दिवाळीला येताना त्याचे चार डबे आणले, सोबत इंग्रजी संशोधनाची प्रिंट. तेव्हापासून बाबांचं एकच चाललंय, “तीन हजार लोकांवर संशोधन झालंय, मग या गोळ्यांनी पोट कशाला भरू?” आई म्हणते, झाडपाल्याचं आहे, अपाय तरी होणार नाही. आत्या म्हणते, चिनी माल, फेकून द्या. बाबा म्हणतात, तिथल्या बाईंना वनस्पतीवरून नोबेल मिळालं, तुम्हाला काय कळतंय. गेल्या रविवारी गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली मेटोप्रोलॉल आणि सॅक्युबिट्रिल-वलसार्टनच्या भरलेल्या पट्ट्या निघाल्या. आठवडाभर तरी त्यांनी त्या घेतलेल्या नाहीत. कॅप्सूल सुरू केल्यात का, ते सांगत नाहीत. हे संशोधन खरं आहे का? आणि मी काय करू?
– सु., सांगली’

सु. ताई,

कॅप्सूलचं नंतर बोलू. आधी गादीखालच्या त्या पट्ट्या.

आजच्या आज बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा आणि ‘या दोन गोळ्या आठवडाभर चुकल्यात’ हे स्पष्ट सांगा. बाबांची लाज राखायची म्हणूनही लपवू नका. आणि फोन होण्याआधी घाबरून दोन्ही गोळ्या जुन्याच डोसने एकदम सुरू करू नका. मेटोप्रोलॉलमध्ये असा खंड पडला की काही वेळा ती कमी डोसपासून पुन्हा चढवत न्यावी लागते. बाबांची नाडी आणि बीपी बघून ते डॉक्टरच ठरवतील. तोवर रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी, त्यांचं वजन करा आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, पावलावर बोटाने दाबल्यावर खड्डा राहू लागला, झोपताना एकाच्या दोन उशा लागू लागल्या किंवा आडवं झालं की खोकला येऊ लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. सरळ दवाखाना गाठा. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडणारा, माणूस दोन दिवसांत बरा वाटता वाटता एकदम खालावतो, हे मी नोकरीच्या काळात इतक्या वेळा पाहिलंय की हा परिच्छेद तुम्ही दोनदा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आता संशोधन. ते खरं आहे, आणि चांगलं आहे. आत्यांना हे ऐकून बरं वाटणार नाही, पण तसं आहे.

तुम्ही डब्याचा फोटो पाठवलात, त्यावरून कॅप्सूल ओळखू आली. तिचं नाव छीली छ्यांगशिन. नावातच औषध सांगितलंय. ‘छी’ म्हणजे हुआंगछी हे मूळ, ‘ली’ म्हणजे थिंगलीचं बी आणि ‘छ्यांगशिन’ म्हणजे हृदयाला बळ देणारं. एकूण अकरा वनस्पती. भावाने दिलेल्या प्रिंटमधला अभ्यास २०१९ मध्ये नोंदवला गेला, त्याचे निष्कर्ष २०२३ च्या ऑगस्टमध्ये ॲम्स्टरडॅमला युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले आणि पुढच्या वर्षी ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. चीन आणि हाँगकाँगमधली १३३ रुग्णालयं, ३,११० रुग्ण. सगळ्यांचं पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून कमी, म्हणजे बाबांसारखेच. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. दिवसातून तीनदा चार-चार, म्हणजे रोज १२ कॅप्सूल. सुमारे अठरा महिने लक्ष ठेवलं आणि मोजलं काय, तर हृदयाच्या दुखण्याने किती जण दगावले आणि हार्ट फेल्युअर वाढून किती जणांना ॲडमिट व्हावं लागलं.

हे ‘मोजलं काय’ फार महत्त्वाचं आहे. याच कॅप्सूलवर २०१३ मध्ये ५१२ रुग्णांचा एक अभ्यास झाला होता. तो बारा आठवड्यांचा होता आणि त्यात हृदयावरचा ताण दाखवणारा रक्तातला एक आकडा मोजला होता. तो आकडा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये जास्त उतरला. पण रक्तातला आकडा उतरणं वेगळं आणि माणूस घरी राहणं वेगळं. आकडे सुधारूनही माणसं दगावल्याची उदाहरणं औषधांच्या इतिहासात आहेत, तीही नामांकित पाश्चात्त्य औषधांची. म्हणून नंतरच्या मोठ्या अभ्यासाला मी मान देते. त्यांनी अवघड प्रश्न विचारला.

उत्तर असं आलं. नकली कॅप्सूल घेणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ३० जणांच्या बाबतीत यातलं काहीतरी घडलं. खरी घेणाऱ्या १०० पैकी २५ जणांच्या. म्हणजे मृत्यू किंवा ॲडमिट होणं, यातून शंभरात पाच जण वाचले. म्हणजे वीस माणसांनी दीड वर्षं रोज बारा कॅप्सूल घेतल्या तर त्यातल्या एकाला फायदा. हृदयविकारात हा फायदा लहान नाही.

आणि आता ती ओळ, जी बाबांच्या नजरेतून सुटली. त्या प्रिंटमध्ये अभ्यासाची पद्धत सांगितलेला भाग काढा. तिथे लिहिलंय की सगळ्या रुग्णांचे हार्ट फेल्युअरचे नेहमीचे उपचार आधीपासून चालू होते आणि ते तसेच चालू ठेवले. खऱ्या कॅप्सूलवाल्यांचेही, नकलीवाल्यांचेही. त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारा आणि बाबांसमोर ठेवा. कॅप्सूलने शंभरातले पाच वाचवले ते गोळ्यांच्या जोडीला राहून. गोळ्या सोडून नुसती कॅप्सूल घेतली तर काय होतं, हा प्रश्न त्या ३,११० माणसांना कुणी विचारलेलाच नाही. विचारणं शक्यही नव्हतं. एवढ्या आजारी माणसांच्या गोळ्या काढून घ्यायला कुठलीच नीतिसमिती परवानगी देणार नाही.

म्हणजे ताई, बाबा ज्या संशोधनाचा हवाला देऊन गोळ्या गादीखाली सरकवतायत, त्याच संशोधनात प्रत्येक माणूस गोळ्या घेत होता. बाबांनी आयुष्यभर तिकिटांचा हिशेब लावलाय. त्यांना हे नीट सांगितलं तर कळेल. मला खात्री आहे.

या अभ्यासाच्या काही मर्यादाही सांगते, म्हणजे चित्र पूर्ण होईल. एक तर तो सुरू झाला २०१९ मध्ये. बाबांच्या नऊ गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन आहे, असं तुम्ही यादीत लिहिलंय. ती मूळची मधुमेहाची गोळी. हार्ट फेल्युअरमध्ये ती उपयोगी पडते हे दाखवणारा मोठा अभ्यास, ४,७४४ रुग्णांचा, त्याच २०१९ मध्ये छापून आला. त्यामुळे चिनी अभ्यासातले बहुतेक रुग्ण ती घेत नव्हते. हार्ट फेल्युअरला आज चार प्रकारच्या गोळ्या एकत्र देतात, त्या चारही पूर्ण चालू असलेल्या माणसाला कॅप्सूलचा तेवढाच फायदा होईल का, हे त्यावरून सांगता येत नाही. दुसरं, हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू कमी झाले, पण सगळी कारणं मिळून मृत्यू बघितले तर फरक इतका निसटता होता की तो योगायोगही असू शकतो. आणि तिसरं, औषध बनवणाऱ्या कंपनीचा अभ्यासाला पैशाचा हातभार होता. यावरून आत्या लगेच ‘बघ!’ म्हणतील, पण बाबांच्या सॅक्युबिट्रिल-वलसार्टनचा मोठा अभ्यासही ते बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता. पैसा कुणाचा, ते लक्षात ठेवून वाचायचं, एवढंच. वाचायचंच नाही, असं नव्हे.

चिनी औषधांच्या संशोधनाकडे जगभरचे डॉक्टर संशयाने बघत आले, त्याला कारण आहे आणि ते ‘चिनी माल’ या शब्दांपेक्षा खोल आहे. १९९८ मध्ये काही ब्रिटिश संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतले ॲक्युपंक्चरचे, म्हणजे सुया टोचून करायच्या पारंपरिक चिनी उपचाराचे, अभ्यास गोळा केले. चीनमधून आलेल्या एकूण एक अभ्यासात ॲक्युपंक्चर उपयोगी ठरलं होतं. एकही अपयश नाही! ज्याने कधी औषध तपासलंय त्याला हे वाचून काळजी वाटते, कारण खरोखर चालणारं औषधसुद्धा अधूनमधून एखाद्या अभ्यासात हरतं. पुढे चिनी संशोधकांनीच एक धाडसाचं काम केलं, ते २००९ मध्ये छापून आलं. चिनी नियतकालिकांत ‘चिठ्ठ्या टाकून गट पाडले’ असं लिहिणाऱ्या दोन हजारांहून अधिक लेखकांना त्यांनी फोन केले आणि विचारलं, गट नेमके पाडलेत कसे? कळलं असं की खरोखर नशिबावर सोडून गट पाडलेले अभ्यास जेमतेम दोनशे होते. बाकीच्यांचा ‘रँडम’ शब्दाचा अर्थच निराळा होता. आपल्याच घरातला केर असा बाहेर काढायला हिंमत लागते. चीनमधल्या छंगतू शहरात आधीच अभ्यासांची नोंदवही सुरू झाली होती, म्हणजे निकाल बघून मागाहून प्रश्न बदलायची सोय नको. छीली छ्यांगशिनचा अभ्यास त्याच नोंदवहीत आधी नोंदवलेला होता. जुन्या आणि या अभ्यासात जमीन-अस्मानाचा फरक आहे तो इथे.

नकली कॅप्सूल बनवणं किती अवघड असतं, हे मी स्वतः पाहिलंय. नोकरीत असताना एका आयुर्वेदिक चूर्णाच्या चाचणीत काम केलं होतं. खरं चूर्ण कडू, तुरट, गडद तपकिरी. नकली पुड्या आम्ही भाजलेल्या कणकेच्या केल्या, रंग जुळवला, थोडा कडूपणाही आणला. पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत. दुसऱ्या आठवड्यात बाकावर बसलेल्या दोन बायका आपापल्या पुड्या उघडून एकमेकींना हुंगायला देत होत्या. एक म्हणाली, ‘तुझं खरंय गं, माझ्याला लाडवाचा वास येतोय.’ त्या दिवशी आमची चाचणी संपली, कागदावर ती पुढे चार महिने चालली तरी. खरं औषध कुणाकडे हे कळलं की मन उभारी धरतं, दुखणं कमी वाटतं, आणि नंतर फरक औषधाचा की मनाचा, हे वेगळं काढता येत नाही. चिनी काढ्यांचं हेच होतं. उग्र वास, जिभेवर राहणारी चव. काढा सुकवून बंद कॅप्सूलमध्ये घातला की ही अडचण बरीच कमी होते, आणि मोठे चिनी अभ्यास कॅप्सूलवर किंवा दाणेदार पुडीवर झाले, त्याला हेही एक कारण आहे.

यात एक गोष्ट मात्र हरवते, आणि ती तिथल्या जुन्या वैद्यांना सलते. त्यांच्या पद्धतीत एकाच आजाराच्या दोघांना एकच औषध देत नाहीत. जीभ बघतात, नाडी बघतात आणि माणसागणिक काढा बदलतात. आपल्याकडे प्रकृती बघून औषध देतात, त्याच्या जवळचं. सगळ्यांना एकच कॅप्सूल म्हटलं की त्यांच्या शास्त्राचा आत्माच बाजूला पडतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. पण माणसागणिक औषध देऊनही चाचणी करता येते. कोईमतूरला संधिवाताच्या ४३ रुग्णांवर आयुर्वेद आणि मेथोट्रेक्सेट हे ॲलोपॅथीतलं नेहमीचं औषध अशी तुलना झाली, तिचा निष्कर्ष २०११ मध्ये छापला गेला. त्यात वैद्याने प्रत्येकाला वेगळं औषध दिलं आणि तरीही रुग्णांना गट कळू दिले नाहीत. छोटा अभ्यास होता, पण वाट आहे हे त्याने दाखवलं.

आता तुमच्या आईंचं म्हणणं. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय होणार नाही.’ आईंना त्या कॅप्सूलमधली काही नावं मराठीत सांगा. करडईची फुलं, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल, दालचिनीच्या भाऊबंद झाडाची कोवळी डहाळी, जिनसेंग. इथवर त्यांना स्वयंपाकघरातच असल्यासारखं वाटेल. मग पुढचं सांगा. त्यात फूत्सि आहे, म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातलं मूळ. बचनाग शुद्ध केल्याशिवाय औषधात घालत नाहीत, हे आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, कारण कच्चा बचनाग हृदयाचे ठोकेच बिघडवतो. चिनी लोकही फूत्सि उकळून, शिजवून, प्रक्रिया करूनच वापरतात. त्यात श्यांगच्यापी नावाची एक साल आहे, तिच्यात डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळीसारखी काम करणारी द्रव्यं असतात. आणि तानशेन हे तांबडं मूळ आहे, जे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढवतं. म्हणजे ज्या हृदयासाठी बाबा गोळ्या घेतात, त्याच हृदयावर आणि रक्तावर यातल्या तीन वस्तू थेट काम करतात. त्या काम करतात म्हणूनच तर अभ्यासात फरक दिसला. जे औषध गुण देतं, ते अपायही करू शकतं. या अभ्यासात देखरेखीखाली घेणाऱ्यांना खरी आणि नकली कॅप्सूल यांत अपायाच्या बाबतीत फारसा फरक आढळला नाही, हेही सांगते. पण ती माणसं डॉक्टरांच्या नजरेखाली होती. गादीखाली पट्ट्या लपवून घेत नव्हती.

झाडपाल्याने काय होऊ शकतं, त्याची एक गोष्ट आईंना जरूर सांगा. १९९० च्या सुमाराला बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. थोड्याच काळात तरुण, धडधाकट बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. १९९३ मध्ये डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद छापली, पुढे अशा बायकांची संख्या शंभराच्या वर गेली. शोध घेतल्यावर कळलं की ‘फांगची’ हे नाव दोन वेगळ्या मुळांना आहे. एक निरुपद्रवी, दुसऱ्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड हे मूत्रपिंडाला घातक द्रव्य. नाव एकच म्हणून चुकीचं मूळ गोळीत गेलं. पुढे त्यांतल्या ३९ जणींची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून तपासल्या, तर १८ जणींमध्ये कर्करोग सापडला. चीनने २००३ मध्ये त्या कुळातल्या एका प्रचलित वनस्पतीवर बंदी घातली. आपल्याकडची ईश्वरी, जिला काही भागांत सापसंद म्हणतात, तीही याच कुळातली. म्हणून मी कुठल्याही देशाच्या झाडपाल्याला ‘निर्धोक’ म्हणत नाही, आपल्याही नाही.

नोबेलबद्दल बाबांचं बरोबर आहे आणि त्यांना तसं सांगा. थू यूयू यांना २०१५ मध्ये ते मिळालं. हिवतापावरचं औषध शोधताना चौथ्या शतकातल्या को होंग यांच्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली. छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, अशी. उकळावा, असं लिहिलेलं नव्हतं. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने औषध मरत असावं, मग त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. १९७२ मध्ये रुग्णांना देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन बघितला. बाबांना ही गोष्ट आवडेल. सोळाशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथावर एवढा विश्वास असलेल्या बाईंनीसुद्धा नुसत्या ग्रंथावर भागवलं नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

मग कॅप्सूल द्यायची की नाही? माझं मत विचारलंत म्हणून सांगते. आत्ता नको. बाबांच्या गोळ्या आधी बसू द्यात. चारही प्रकारच्या गोळ्या ठरल्या डोसला नेमाने तीन महिने जाऊ द्या, मग हवं तर हृदयरोगतज्ज्ञांसमोर डबा ठेवून विषय काढा. ते हो म्हणाले तर जोडीला, गोळ्यांच्या बदली नाही. पोटॅशियम, क्रिएटिनिन, ईसीजी, हे सगळं त्यांच्या वेळापत्रकाने करून. डिगॉक्सिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून त्यांच्या कानावर घाला. आणखी एक साधा हिशेब करून बघा. चार डब्यांतल्या कॅप्सूल मोजा आणि १२ ने भागा. किती दिवस पुरतात ते कळेल. अभ्यास दीड वर्षांचा होता. भाऊ दर वेळी सुचौहून पिशवी भरून आणणार आहे का? मध्येच संपल्या तर? रात्री दोन वाजता बाबांना सांगलीच्या आयसीयूत न्यावं लागलं तर तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला तो चिनी डबा वाचता येईल का? या प्रश्नांमुळे मी माझ्या स्वतःच्या वडिलांनाही ती सुरू केली नसती, संशोधन चांगलं असूनही.

भावाला मात्र एक काम सांगा. डब्यावर चिनी सरकारचा परवाना क्रमांक असतो, चार चिनी अक्षरं आणि पुढे रोमन लिपीतलं एक अक्षर. पारंपरिक औषध म्हणून मंजूर असेल तर ते अक्षर ‘झेड’ असतं. त्याऐवजी निळ्या टोपीसारखी खूण दिसली तर ती वस्तू औषध म्हणून नव्हे, पूरक आहार म्हणून विकली जाते. आणि इंटरनेटवरून, ओळखीच्या ओळखीतून मागवलेलं काहीही बाबांना देऊ नका. सांधेदुखीच्या, दम्याच्या ‘वनस्पती’ पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचं वेगवेगळ्या देशांत वारंवार सापडलंय. त्या घेऊन चेहरा सुजलेले आणि एकदम बंद केल्यावर कोसळलेले रुग्ण दवाखान्यात आणलेले मी पाहिलेत.

आता बाबांशी बोलायचं कसं. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘या गोळ्यांनी पोट कशाला भरू.’ मला वाटतं, खरं दुखणं तिथे आहे. नऊ गोळ्या हे रोज नऊदा ‘तू आजारी आहेस’ असं ऐकण्यासारखं असतं. जन्मभर गाडीत उभं राहून काम केलेल्या माणसाला ते फार लागतं. त्यांनी नेमक्या त्याच दोन गोळ्या का बाजूला काढल्या, ते न रागावता विचारा. मेटोप्रोलॉलने हातापायांत त्राण नसल्यासारखं वाटतं, सॅक्युबिट्रिल-वलसार्टनने उठताना अंधारी येते. हे दोन्ही सांगितलं तर डॉक्टर डोस, वेळ, जोडीची लघवीची गोळी यांत बदल करू शकतात. सांगितलं नाही तर माणूस गादीखालचा मार्ग काढतो. पैशाचा भाग असेल तर तोही बोलून घ्या. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-वलसार्टनचं २०२३ मध्ये, आणि दोन्हींच्या जेनेरिक गोळ्या आता पूर्वीपेक्षा खूप स्वस्त मिळतात. तुम्ही जुन्याच ब्रँडचे पैसे भरत असाल तर डॉक्टरांना विचारून बदला, जनऔषधी केंद्रातही चौकशी करा.

कॅप्सूल सुरू केली का, हे मात्र त्यांच्याकडून कळलंच पाहिजे. ‘तुम्ही चूक केली’ म्हणून नको. ‘डॉक्टरांना सांगायचंय, नाहीतर ते चुकीचा डोस लिहितील’ असं म्हणा, ते खरंही आहे. डबे उघडलेत का आणि किती कॅप्सूल कमी आहेत ते तुम्हीच मोजलंत तर त्यांना बोलायलाही सोपं जाईल.

दवाखान्यात जाताना तो डबा अख्खा न्या, कॅप्सूल पुडीत काढून नको. आतलं चिनी पत्रक, भावाची प्रिंट आणि गादीखाली सापडलेल्या पट्ट्याही न्या. आणि कॅलेंडरचं ते पान.